वांधा

नियमांचा कागद चार पानांचा होता आणि मी त्यातलं फक्त चौथं कलम वाचलं. वाचलं म्हणजे अगदी तोंडपाठ झालं. जोडीने केलेल्या प्रयोगात खोटी निरीक्षणं आढळल्यास जोडीतल्या दोघांचाही कोर्स रद्द होईल. दोघांचाही. इंग्रजीत त्या शब्दाखाली रेघ होती, आणि ती छापताना कुणाला तरी माझा चेहरा दिसत असावा असं मला अख्खा नोव्हेंबर वाटत राहिलं.

मी दीपमाला. बारावी सायन्स, घर लासलगावला, नाशकात कॉलेज रोडला आत्याकडे राहते. भित्री आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायला नको. मला कुत्र्याची, इंजेक्शनची, मोठ्या आवाजाची भीती वाटत नाही. मला कुणी काही विचारेल याची भीती वाटते.

हा कोर्स म्हणजे पुण्याच्या एका विद्यापीठाने अकरावी-बारावीच्या मुलांसाठी काढलेला बायोलॉजीचा कोर्स. पुस्तक कॉलेजच्या पहिल्या वर्षाचं, पेपरही तिथलाच. शनिवार-रविवार वर्ग, शेवटी प्रयोगाचं जर्नल, त्यावर तोंडी आणि मग तीन तासांची लेखी. तिन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. निघालात तर एंट्रन्सशिवाय पुण्यात बीएस्सीला जागा. नाशकातून आम्ही सव्वीस जण होतो. मला नीटच्या क्लासमधून सुटका हवी होती, म्हणून मी नाव घातलं होतं. नाही जमलं तर क्लास होताच, माझं काही अडणार नव्हतं.

सृष्टीचं अडणार होतं. सृष्टी माझी जोडीदार. मखमलाबादची, घरी शेवंती आणि झेंडू, आई पहाटेपासून फुलबाजारात गाळ्यावर बसायची. आईचे गुडघे गेले होते. घरात सरळ ठरलेलं होतं की हा कोर्स निघाला तर सृष्टी पुण्याला जाईल, नाही निघाला तर बारावीनंतर आईच्या जागी गाळ्यावर. हे ती रडून सांगायची नाही. बस किती वाजता आहे ते सांगावं तसं सांगायची. तिच्या बॅगेत कायम एखादी चिरडलेली शेवंती सापडायची आणि ती पुस्तकातली खूण म्हणून वापरायची.

सप्टेंबरमध्ये प्रयोग ठरला. कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा, बुडाला मुळं फुटली की त्यांची टोकं कापायची, रंगवायची, काचेवर दाबायची आणि मायक्रोस्कोपखाली दोनशे पेशी मोजायच्या. त्यातल्या किती विभागताना दिसतात ते लिहायचं. प्रत्येक जोडीने त्यात आपली एक भर घालायची होती. आम्ही साधं पाणी आणि चहाचं पाणी घ्यायचं ठरवलं. कोर्सचे वर्ग घेणारे डोखळे सर म्हणाले की कांदे आपापले आणा. मी लगेच म्हटलं की आमचे मी आणते.

यात माझी शेखी होती, ते मान्य आहे. लासलगावची पोरगी भाजीवाल्याकडून कांदा विकत आणेल का? मी बहिरूकाकांना फोन केला. बहिरूकाका पप्पांचे थोरले भाऊ, मार्केटात व्यापारी, गावाबाहेर माल उतरवायचं त्यांचं खळं आहे. मी सांगितलं की कॉलेजच्या प्रयोगाला हवेत, एक नंबर माल द्या. काकांनी एसटीने गोणपाटाची पिशवी पाठवली. आठ कांदे, एका मापाचे, लालभडक, कडक. वर्गात ठेवले तेव्हा सगळ्यांनी बघून घेतले. डोखळे सरसुद्धा म्हणाले की कांदा असावा तर असा.

आत्याच्या खिडकीत मी चार ग्लासांवर चार कांदे ठेवले. दुसऱ्या दिवशी बुडाला मोहरीएवढे पांढरे ठिपके आले. तिसऱ्या दिवशी तेवढेच. पाचव्या दिवशीही तेवढेच. मी पाणी बदललं, खिडकी बदलली, उरलेले चार ठेवून पाहिले. ठिपके यायचे आणि तिथेच थांबायचे. त्याच आठवड्यात सृष्टीला डेंग्यू झाला. सतरा दिवस ती दवाखान्यात आणि घरी. जर्नलची तारीख तोंडावर आली, आणि डोखळे सर ग्रुपवर रोज एकच मेसेज टाकायचे, जर्नल कम्प्लीट करा.

आता जर्नल कम्प्लीट करणं म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. जर्नल लिहीत नाहीत, उतरवतात. वरच्या वर्षाच्या कुणाचं तरी मिळवायचं, खाकी कव्हर घालायचं आणि आकृत्यांसकट उतरवायचं. कॉपी वेगळी. कॉपी परीक्षेत करतात आणि ती वाईट असते. जर्नल उतरवणाऱ्याला कुणी कधी काही म्हटलेलं नाही. सर शेवटच्या पानावर सही करतात, शिक्का मारतात, झालं. माझी मावसबहीण चैतालीताई तीन वर्षांपूर्वी बारावी झाली, तिचं जर्नल माळ्यावर होतं. मी तिला फोनवर म्हटलं की माझी मुळंच आली नाहीत. ती हसली. रीडिंग कुणी घेतं का येडे, म्हणाली, रीडिंग बसवायची असतात.

मी बसवली. साध्या पाण्यात दोनशेपैकी अठ्ठावीस पेशी, हे चैतालीताईचे. चहाच्या पाण्यात अकरा, हे मी स्वतः जन्माला घातले. मग त्यावर फरक खरा की योगायोगाचा ते ठरवणारं काई-स्क्वेअरचं गणित केलं, आणि ते इतकं सुरेख सुटलं की मला वाईटही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. खाली दोन नावं लिहिली, दीपमाला आणि सृष्टी.

सृष्टी परत आली तेव्हा निम्मी झाली होती. वेणी बोटाएवढी. आल्या आल्या तिने विचारलं, मुळं आली का? मी म्हटलं, तिसऱ्या दिवशी. तिचा चेहरा असा उजळला की मी पुढचंही सांगून टाकलं, किती लांब होती, कशी दिसत होती. आणि पेशी आपण दोघींनी मिळून मोजल्या असं सांगायचं हं, म्हणाले, नाहीतर तुझी हजेरी कमी भरेल. ती हो म्हणाली आणि अठ्ठावीस, अकरा पाठ करायला बसली.

इथपर्यंत मला भीती नव्हती. भीती दिवाळीत आली.

पाडव्याला मी लासलगावला होते. मार्केट बंद, पण काकांच्या खळ्यावर माणसं होती. काकांनी यंदा नवा उद्योग केला होता. उन्हाळी कांद्याचा एक लॉट खास प्रक्रिया करून थंडगार गोदामात ठेवला होता आणि तो आता बाहेर काढायचा होता. मी फराळाचा डबा घेऊन गेले. काकांनी पाचसहा जणांच्या देखत हाक मारली.

"काय गं, आपला कांदा कसा निघाला कालेजात?"

"मस्त, काका. तिसऱ्या दिवशी मुळं फुटली."

मला वाटलं काका खूश होतील. काकांच्या हातातली चकली तशीच राहिली.

"मुळी सुटली? त्या मालाला?"

मी काही बोलण्याआधीच त्यांनी विळा मागवला. ढिगातून वरचे, मधले, तळाचे असे दहा कांदे काढले आणि एकेक उभा चिरला. प्रत्येकाच्या पोटात, जिथून हिरवा कोंब निघायला हवा, तिथे एक काळपट, सुकलेला ठिपका होता. काकांनी दहाही नीट पाहिले, तेव्हा कुठे खाली बसले. मग माझ्याकडे वळले. आवाज हळू होता, आणि काकांचा आवाज हळू होतो तेव्हा खळ्यावरची माणसं दुसरीकडे बघतात.

"खरं बोल, दीपे. मुळी सुटली का नाय? लय मोठा लॉट हाय."

"नाही सुटली," मी म्हटलं.

त्यांनी समजावून सांगितलं. या मालाला किरण दिलेले असतात. बाहेरून काही कळत नाही, पण आतला कोंब मरतो आणि मुळी सुटत नाही, म्हणून तो महिनोन्महिने टिकतो. मी एक नंबर मागितला म्हणून त्यांनी त्यातलाच पाठवला होता. बायोलॉजी मी शिकत होते आणि सांगत होते काका. पेशींचं विभाजन थांबवलेला कांदा माझ्या खिडकीत तीन आठवडे बसला होता आणि मी त्याच्या नावावर अठ्ठावीस पेशी विभागल्या होत्या. ज्याला ठाऊक आहे असा कुणीही माणूस एका प्रश्नात मला धरू शकत होता.

"मंग सुटली कशाला म्हणली?" काकांनी विचारलं.

"तिथं तसं लिहिलंय म्हणून."

काका हसतील असं मला वाटलं होतं. काका हसले नाहीत. "म्हंजे वांधा हाय," म्हणाले.

वांधा शब्द मी चालता येण्याआधी ऐकलेला आहे. मार्केटात ट्रॉलीच्या वरचा कांदा बघून लिलाव होतो, मग ट्रॉली खळ्यावर येऊन खाली होते. वर निवडून ठेवलेला मोठा, चांगला माल आणि तळाला सडका निघाला की व्यापारी म्हणतो, वांधा. मी सात-आठ वर्षांची असताना काकांच्या खळ्यावर असाच एक वांधा निघाला होता. त्या शेतकऱ्याला कुणी शिवी दिली नाही, कुणी हात लावला नाही. सगळे नुसते त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. त्या माणसाचे कान लाल झाले होते आणि तो टोपी काढून परत घालत होता, काढून परत घालत होता. मी आईच्या मागे लपले. तळ उघडा पडतो तेव्हा काय होतं ते मला तेव्हापासून माहीत आहे.

"काका, आता काय करायचं?"

"आमच्यात कसं हाय, ट्रॉली खाली व्हायच्या आधी शेतकऱ्यानं सोताहून सांगितलं, तर भाव पडतो. खाली झाल्यावर निघालं, तर गाडी माघारी जाती." एवढं बोलून ते मालाकडे गेले. माझ्या घरी त्यांनी काही सांगितलं नाही, हेही माझ्या लक्षात आहे.

तोंडी परीक्षेला तीन आठवडे होते. आत्याच्या स्वयंपाकघरातला साधा कांदा मी ग्लासवर ठेवून पाहिला. तिसऱ्या दिवशी पांढरीशुभ्र मुळं, बोटभर लांब. ती बघून मला जास्तच भीती वाटली, कारण आता माझ्या खोटेपणाचा पुरावा खिडकीत वाढत होता. मी ती मुळं कापून कुंडीत पुरली.

डोखळे सरांना सांगायला गेले. स्टाफरूममध्ये ते सव्वीस जणांच्या जर्नलांवर सह्या करत होते. मी म्हटलं, सर, माझ्या रीडिंगमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे. त्यांनी वर न बघता विचारलं, जर्नल कम्प्लीट आहे ना? मी हो म्हटलं. मग झालं तर, म्हणाले, आणि माझ्या जर्नलवर सही करून खालचं ओढलं.

सृष्टीला सांगायला मखमलाबादला गेले. तिची आई ओट्यावर पाय पसरून शेवंती निवडत बसली होती. मला बघून उठायला लागली तर गुडघ्यांनी कडकन आवाज केला. चहा झाला. पुण्यात हॉस्टेलला गाद्या देतात की न्याव्या लागतात, हे तिने मला विचारलं. मला मोठी माहितगार समजून विचारलं. मी म्हटलं, न्याव्या लागतात. मग माझ्या केसांत गजरा माळून तिने मला वाटेला लावलं आणि मी सृष्टीला काही न सांगता बसमध्ये बसले. माझा मलाच इतका संताप आला की मी गजरा काढून पर्समध्ये कोंबला.

एकच निश्चय उरला होता. परीक्षकांच्या समोर बसायच्या आधीच सांगायचं. ट्रॉली खाली व्हायच्या आधी. सगळं मी केलं, सृष्टीला काही माहीत नव्हतं, एवढी दोन वाक्यं.

तोंडीला पुण्याहून कुणी डॉ. निकम मॅडम आल्या होत्या. सकाळपासून जोड्या आत जात होत्या आणि बाहेर येणारा प्रत्येक जण नवी भीती घेऊन येत होता. वेदिका म्हणाली, गणित विचारत नाही, कसं केलं ते विचारते. रुद्र म्हणाला, पाणी कुठलं घेतलं ते विचारलं, नळाचं का बाटलीचं. साडेअकराला आमचं नाव आलं. सृष्टी पुढे, मी मागे. तिने नवा पांढरा ड्रेस घातला होता.

मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा नाकावर. बसा म्हणाल्या. मी उभी राहून बोलणार होते, पण बसले. मनात म्हटलं, पाच मोजते आणि बोलते. एक, दोन. तेवढ्यात मॅडमनी सृष्टीकडे बघून विचारलं, कांदा कुठला वापरला?

"हिच्या घरचा, मॅडम," सृष्टी अभिमानाने म्हणाली. "लासलगावचा. एक्स्पोर्टचा माल."

मॅडमचं पेन थांबलं. "सप्टेंबरात? कोंब वगैरे काही आलेले नव्हते?"

"नाही मॅडम, एकदम कडक."

"आणि मुळं तिसऱ्या दिवशी. तू स्वतः बघितलीस?"

मी सांगितलं होतं ना तिला, हजेरीचं. सृष्टी तेच बोलली. "हो मॅडम. पेशी मीच मोजल्या."

पाच सेकंद. मी पाच सेकंद आधी बोलले असते तर तिला हे वाक्य बोलावं लागलं नसतं. आता ते बोलून झालं होतं, आणि मी खरं सांगितलं तर खोटी पडणार होती ती, माझ्याआधी. गप्प बसले असते तर कदाचित दोघी सुटलो असतो. मॅडमनी पुढचं पान उलटलं. मला तो टोपीवाला माणूस आठवला.

"मॅडम, वांधा आहे," मी म्हटलं.

चूक आहे म्हणायचं होतं. इंग्रजीत एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, तेही गेलं. जो शब्द आत होता तोच बाहेर पडला.

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "काय आहे?"

"वांधा. वरचा माल आणि खालचा माल एक नाही."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी नामपूरनी शे," त्या अहिराणीत म्हणाल्या, जणू स्वतःलाच, आणि मग पुन्हा नेहमीच्या मराठीत आल्या. "आमच्याकडेही कांद्याचं मार्केट आहे, वांधा काय असतो मला माहितीये. सांग."

मी सांगितलं. किरण दिलेला कांदा, ठिपके, चैतालीताईचं जर्नल, अठ्ठावीस, अकरा. सांगताना मी टेबलाच्या कडेकडे बघत होते. शेजारी सृष्टीलाही हे आत्ताच कळत होतं.

"ही म्हणते हिने मोजल्या," मॅडम म्हणाल्या.

आणि मी पुन्हा खोटं बोलले. एका मिनिटात. "मी तिला बाजारातल्या कांद्याची मुळं दिली होती, मॅडम. तिने खरंच मोजल्या. तिला माहीत नव्हतं."

मॅडम सृष्टीकडे वळल्या. "असं झालं?"

तिने नुसतं हो म्हणायचं होतं. मी टेबलाखालून तिचा हात दाबला. तिने हात सोडवून घेतला.

"नाही मॅडम," सृष्टी म्हणाली. "मला डेंग्यू झाला होता. मी सतरा दिवस आलेच नाही. मी काहीच मोजलेलं नाही."

बाहेर कुणीतरी बाक सरकवला. मग मॅडमनी फायलीतून तो नियमांचा कागद काढला. त्यावर खाली आमच्या दोघींच्या सह्या होत्या. तिसरं पान उघडून त्यांनी ते सृष्टीपुढे ठेवलं आणि नववं कलम मोठ्याने वाचायला सांगितलं. सृष्टीने वाचलं. आजारपणामुळे प्रयोगाला हजर राहू न शकलेल्या विद्यार्थ्याने डॉक्टरचं सर्टिफिकेट दिल्यास त्याला प्रयोग पुन्हा एकट्याने करता येईल.

"पुन्हा वाच," मॅडम म्हणाल्या. तिने पुन्हा वाचलं. दुसऱ्या वेळी शब्दाशब्दावर बोट ठेवून.

मग त्यांनी जे ठरवलं ते असं. चौथ्या कलमात आढळल्यास म्हटलंय, इथे आढळलं नाही, सांगितलं गेलं, म्हणून दोघींना रद्द करणार नाही. माझ्या प्रात्यक्षिकाला शून्य. लेखी द्यायची तर देता येईल, पण कोर्सचं सर्टिफिकेट मिळणार नाही. सृष्टी एक खोटं बोलली ते त्यांनी ऐकलंय, परत ऐकणार नाहीत. तिने डिसेंबरात नवा कांदा घेऊन सरांच्या देखरेखीखाली प्रयोग करावा, त्या स्वतः पुन्हा येऊन बघतील. माझ्या जर्नलवर डोखळे सरांच्या सहीवर त्यांनी लाल रेघ मारली. माझ्या नावावर नाही मारली. न बघता केलेली सहीही खोटीच असते, हे मला तेव्हा कळलं नाही.

जिन्यात सृष्टी माझ्यापुढे चार पायऱ्या होती. खाली पोचल्यावर थांबली. मला वाटलं ती शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला डेंग्यू झाला होता, दीपे," ती म्हणाली. "तू नुसतं तेवढं लिहिलं असतंस."

एवढंच बोलून ती स्टँडकडे गेली. मी तिथे पायरीवर बसून राहिले. सृष्टीचं घातलेलं नाव, खोटे आकडे, चहाच्या पाण्याचं ते सुरेख गणित, या सगळ्याची काही गरजच नव्हती. एक ओळ पुरली असती, आणि ती ओळ लिहायची सोय त्यांनी छापून दिली होती. मी फक्त घाबरवणारं कलम वाचलं होतं.

नऊ दिवस तिचा मेसेज नाही. दहाव्या दिवशी आला. तुझ्या काकांचे चार कांदे मिळतील का, किरणवाले. बाकी काही नाही. मी त्याच दुपारी लासलगावला गेले. काकांनी काय झालं ते विचारलं नाही. भाव पडला का गाडी माघारी आली, एवढंच विचारलं. भाव पडला, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि ढिगातून चार कांदे स्वतः निवडून दिले.

कांदे मी लॅबच्या दारात सृष्टीच्या हातात दिले. आत तिचे मखमलाबादचे चार साधे कांदे ग्लासांवर ठेवलेले होते. डोखळे सरांनी मला दाराबाहेरच थांबवलं, आणि त्यांचं बरोबर होतं. ते पाच दिवस मी कधी नव्हे इतकी घाबरले. आधी मला मुळं येत नाहीत म्हणून भीती होती. आता भीती ही की त्या चार कांद्यांना मुळं आली तर? प्रक्रिया एखाद्या कांद्याला नीट लागली नसेल तर? तर मी तिला दुसऱ्यांदा खोटा माल दिला असं होईल, आणि या वेळी तर मला खरंच काही माहीत नव्हतं. मी आत्याच्या खिडकीतही एक किरणवाला ठेवला होता. दिवसातून वीस वेळा त्याचं बूड बघायची.

शुक्रवारी मोजणी होती. मी सकाळी दहापासून लॅबसमोरच्या बाकावर बसले. काचेतून सृष्टीची पाठ दिसत होती, मायक्रोस्कोपवर वाकलेली. ती मोजत होती, कागदावर रेघ ओढत होती, पुन्हा वाकत होती. निकम मॅडम तिच्या शेजारी हाताची घडी घालून उभ्या होत्या. एकदा सृष्टीने मान वर केली, डोळे चोळले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

पावणेएकला ती बाहेर आली. हातात निरीक्षणाचा कागद, बोटांना लाल रंग. मी उठून उभी राहिले. विचारायची हिंमत होईना.

"साध्यात दोनशेत तेवीस," ती म्हणाली. "किरणवाल्याच्या त्या ठिपक्यांत शून्य. दोनदा मोजलं. मॅडमनी पण मोजलं."

सप्टेंबरात माझ्या खिडकीत जे होतं ते हेच. ते बघत बसून मी त्याच्या जागी अठ्ठावीस लिहिले होते. मला तो कागद हातात घेऊन बघायचा होता. मी हात पुढे केला.

सृष्टीने कागद माझ्याकडे दिला नाही. दुरूनच दाखवला.